एकाच वारेच्या लेकी

शर्मिलाला जुळ्या मुली झाल्या, तेव्हापासून दासगावच्या बौद्धवाडीत सगळ्यांचा गोंधळ उडायचा. दीप्ती कोण आणि मैत्री कोण, हे बापालाही चटकन सांगता येत नसे. शर्मिला मात्र नुसत्या खोकल्यावरून ओळखायची.

दोघी बालवाडीत असताना दीप्तीचा ताप हटेना. महाडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तडक मुंबईला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर निघाला.

शर्मिलाचा नवरा राजेंद्र औद्योगिक वसाहतीतल्या केमिकलच्या कारखान्यात कामाला. हे आपल्याच कपड्यांतून घरात आलं, असं त्याने मनात पक्कं धरलं. पाळीवरून आला की परसात घासघासून आंघोळ करायचा, तरी लेकीला जवळ घ्यायला धजायचा नाही.

"बाबा मला उचलत का नाय?" दीप्तीने एकदा विचारलं. शर्मिलाने काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

उपचारांनी पोर सावरली, केसही परत आले. मग आजार उलटला. भातकापणीच्या दिवसांत दीप्ती गेली.

मैत्रीचं रक्तही मुंबईच्या डॉक्टरीणबाई पहिल्यापासून तपासत होत्या. का, हे विचारायचा धीर दोघांनाही झाला नव्हता. आता राजेंद्रने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की मुली पोटात असतानाच एकीच्या एका पेशीत बिघाड झाला असणार. दोघींना पोटात पोसणारी वार एकच, त्यामुळे तसल्या पेशी रक्तातून दुसरीच्या अंगातही गेल्या. पण तेवढ्याने आजार होत नाही. जन्मानंतर आणखी बिघाड व्हावे लागतात. ते दीप्तीत झाले. मैत्रीत फक्त त्या पहिल्या बिघाडाची खूण सापडली होती, आजार नव्हता.

"तुमच्या कपड्यांमुळे झालं असं म्हणायला काही आधार नाही. आणि यात आईचीही चूक नाही," त्या म्हणाल्या.

"आधी कुणात झालं?" शर्मिलाने विचारलं.

"ते आता कळायला मार्ग नाही."

राजेंद्र तिथेच रडला. बाहेर येताच त्याने मैत्रीला कडेवर घेतलं, ते गाडीत बसेपर्यंत खाली ठेवलं नाही. शर्मिलाच्या मनात मात्र एकच शब्द रुतला, पोटात. त्या महिन्यांत काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, कुठल्या गोळ्या घेतल्या, ते ती आठवत बसायची.

"पोटात काय चालतं ते कुणाच्या हातात हाय गो?" सासू सुंदराबाई म्हणायच्या. शर्मिला मान हलवायची आणि पुन्हा आठवायला लागायची.

मैत्री तिसरीत गेली. त्या वर्षीच्या तपासणीत तसल्या पेशी सापडल्याच नाहीत. डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. राजेंद्रने वाडीत फोन लावला, आईला बातमी सांगताना त्याला हुंदका आवरेना.

परतीच्या गाडीत मैत्री आईच्या मांडीवर झोपली. शर्मिला खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. आता कशाला रडतेस, असं राजेंद्रने हळूच विचारलं.

"अहो, त्या पेशी दीप्तीकडूनच आल्या असतील तर? तिचं तेवढंच उरलेलं, तेबी गेलं."

राजेंद्रने झोपलेल्या मैत्रीचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले.