समुद्रावरून भांडण

जावयाला अहो-जाहो करायची आमच्या मराठवाड्यात रीत आहे. सासरा कितीही खमका असला, तरी जावई दारात आला की "या, बसा" एवढं तरी म्हणतोच. आमच्या मास्तरांनी मला जन्मात "या" म्हटलं नाही. ते मला 'लातूर' म्हणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा नांदेडला सासरी गेलो, तेव्हा ओट्यावरूनच त्यांनी माझं स्वागत केलं : "ए लातूर, गाडी काढ ती गेटातून. रस्ता तुझ्या बापाचा न्हाई." पुढं एकदा मी त्यांना 'बाबा' म्हणून पाहिलं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली केलं आणि शांतपणे सांगितलं, "बाबा तुझा लातुरात हाय. मला मास्तर म्हण."

मास्तर, कारण नांदेडात त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि त्या अर्ध्या शहरानं त्यांच्या स्टीलच्या पट्टीचे फटके बोटांच्या पेरांवर खाल्ले होते. हॉर्नचा त्यांना विलक्षण तिटकारा. "हॉर्न म्हंजी शिवी," ते म्हणायचे. "शिवी द्यायची तर काच खाली करून तोंडानं द्यावी. मशीनकून कायला देता?" एका तरुण डॉक्टरनं रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीवर हॉर्न दाबला, तर मास्तरांनी त्याला पार गावाबाहेर, असर्जनच्या पुढं गाडीतून उतरवलं आणि गाडी घेऊन स्वतः निघून आले. डॉक्टर उन्हातून चालत घरी गेला. ही गोष्ट त्या डॉक्टरनंच मला पुढं सांगितली. सांगताना तो हसत होता. मला काही हसू आलं नाही, कारण तोवर तो माणूस माझा सासरा झाला होता.

मीही त्यांचाच विद्यार्थी. नांदेडला फार्मसीला होतो तेव्हा त्यांच्याकडं गाडी शिकलो. वैशाली संध्याकाळी कॉलेजातून आली की स्कूलच्या टेबलाशी बसून फोन घ्यायची. पुढचं सांगायला नको. आम्ही लातूरचे लिंगायत, व्यापारातले. ते नायगावकडचे मराठा. लग्नाला ते आले, अक्षता टाकल्या, आणि माझ्या वडलांना, म्हणजे अप्पांना, चारचौघांत म्हणाले, "मी तुमच्या पोराला गाडी शिकवली अन् त्यानं माझी पोरगी नेली." अप्पांनी हात जोडले. मला तो हात जोडलेला बाप अजून दिसतो.

सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणायचो. माई असेपर्यंत आमचं वैर ताटाबाहेर सांडलं नाही. मला एका टोकाला, मास्तरांना दुसऱ्या टोकाला बसवून त्या मध्ये वाढत फिरायच्या. त्या अचानक गेल्या. मास्तरांनी तेराव्यानंतर स्कूल बंद केलं, पट्टी खिडकीत ठेवून दिली आणि दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवायला लागले. लोक म्हणाले, बायको गेल्यानं मन उडालं. आम्हालाही तसंच वाटलं.

तेव्हा वैशालीनं ठरवलं की बाबांना समुद्राकडं न्यायचं. मुंबईपासून गोव्यापर्यंत, पण हमरस्त्यानं नाही; किनाऱ्याकिनाऱ्यानं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मालवण असं रमतगमत जायचं, खाड्या आल्या की गाडीसकट बोटीतून पलीकडं व्हायचं, आवडेल तिथं मुक्काम. कसलीही घाई नाही. आखणीचं काम तिनं माझ्यावर टाकलं. "तुला औषधांच्या कामासाठी नांदेडला जावंच लागतं. जाशील तेव्हा बाबांजवळ बसून ठरवत जा." मी म्हटलं, ते मला दारात उभं करणार नाहीत. ती म्हणाली, "मग बसून घे."

मी बसून घेतलं. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "समुद्र बघायचा म्हंजी नेमकं काय बघायचं? पाणीच का न्हाई? आमच्या इथं गोदावरी हाय. लातूरकराला पाणी दिसलं की याड लागतं, त्याला आम्ही काय करावं?" दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते त्यांनी मला वर्षानुवर्षं ऐकवलं. जणू ती रेल्वे मीच रिकामी केली होती.

"आरामात जायचंय, मास्तर," मी म्हटलं.

"आराम करायचा तर घरी कर. गाडीत आराम केला की माणूस झोपतो, अन् झोपला की मरतो. कोणी ठरवलं हे?"

"वैशालीनं."

"मग जाऊ. पण गाडी माझी अन् चालवणार मी."

इथून खरं भांडण सुरू झालं. प्रत्येक खेपेला ते नवी अट घालायचे. दुपारी चारनंतर गाडी चालणार नाही. घाट नको. दापोलीकडचे अरुंद रस्ते नकोत. गाव लागलं की मी बोलायचं नाही, पण डावीकडं बसायचं आणि समोर बघत राहायचं, मोबाईलमध्ये नाही. मी नकाशा दाखवायला गेलो की ते तो हातानंच दूर सारायचे. "ते खेळणं माझ्यासमोर आणू नको." खाडीतल्या बोटीचं ऐकून तर ते भडकलेच. "चालती गाडी होडीत घालून राहिला व्हय? अन् ब्रेक काय माशाला लावतू?"

"मास्तर, चारनंतर गाडी नाही, घाट नाही, अरुंद रस्ता नाही. मग कोकणात जायचं कशाला? नांदेडलाच फिरवा ना बायपासवर!"

"तुला यायचं नसंल तर येऊ नको. तुला बोलावलंय कोणी?"

मी लातूरला परतायचो तो धुमसतच. अहमदपूर येईपर्यंत त्यांना द्यायची उत्तरं सुचत राहायची. वैशालीला सांगितलं की ती म्हणायची, "पण बोलले ना? माझ्याशी तर 'बरं हाय' म्हणतात अन् फोन ठेवतात." मला त्यात समाधान मानण्यासारखं काही दिसत नव्हतं. खरं सांगतो, एकदा मी तिला म्हटलं, तुझा बाप मला आवडत नाही आणि आवडणारही नाही. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "न आवडू दे. तारीख ठरली का?"

तारीख ठरली. दिवाळीनंतर मास्तर गाडी घेऊन लातूरला येणार, तिथून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मुंबईला निघणार. मी आदल्या दिवशी नांदेडला होतोच, म्हणून त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. गाडीत आम्ही दोघंच. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. लोहा गाव मागं पडलं. गाडी मात्र ते फार हळू चालवत होते. मी मनात म्हटलं, म्हातारा मुद्दाम करतोय.

अहमदपूरच्या अलीकडं एका फाट्यावर डाव्या बाजूनं मोटारसायकल आली. पुढं नवरा, मागं बायको, मांडीवर पिशवी. लांबून दिसत होती. मला वाटलं, मास्तर आता ब्रेक मारतील. आता मारतील. त्यांचा पाय हललाच नाही. मी ओरडलो आणि हँडब्रेक ओढला. गाडी आडवी होत थांबली, तरी कोपरा लागलाच. मोटारसायकल पडली. बाई थोडी लांब, बसल्यासारखीच जमिनीवर पडली. पिशवीतली संत्री रस्ताभर पसरली.

नवऱ्याचं कोपर सोललं होतं, बाईला काही झालं नव्हतं. पण पाच मिनिटांत माणसं गोळा झाली. कोणी बॉनेटवर थाप मारली, कोणी दार उघडलं. मास्तर खाली उतरले. मला वाटलं, आता हे सगळ्यांना शिव्या घालणार आणि आम्ही दोघं इथंच मार खाणार. तो मोटारसायकलवाला रक्ताचं कोपर धरून त्यांच्या तोंडासमोर आला आणि ओरडला, "एवढी गाडी दिसत न्हाई? आंधळा हाय का रे म्हाताऱ्या?"

मास्तर म्हणाले, "हाव. डाव्या बाजूनं हाय."

बॉनेटवर थाप मारणारा दोन पावलं मागं सरला. तो माणूसही. मास्तर खाली वाकले आणि संत्री गोळा करायला लागले. उजव्या हाताची तेवढी उचलली. डावीकडची तशीच पडून राहिली.

चार वाजायची अट, घाटाची, अरुंद रस्त्याची, मी डावीकडं बसून समोर बघायची. आणि बंद केलेलं स्कूलसुद्धा. मला तिथं उभ्याउभ्या सगळं लख्ख कळलं, आणि दया येण्याऐवजी भयंकर संताप आला. हा माणूस माझ्या बायकोला या गाडीत बसवून समुद्राच्या कडेनं नेणार होता.

जखमी माणसाला सरकारी दवाखान्यात नेऊन पट्टी केली. मग मी किल्लीसाठी हात पुढं केला. मास्तरांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली. "आता खूश झाला?" ते म्हणाले.

"कधीपासून दिसत नाही?"

"तुला काय करायचंय? अन् वैशूला सांगशील तर तंगडी मोडीन."

लातूरपर्यंत मी गाडी चालवली. ते डावीकडं बसून माझ्या प्रत्येक गिअरला नावं ठेवत होते. "थर्ड टाक. थर्ड म्हणलं न्हवं! कोणी शिकवलं बे तुला?"  घराच्या फाटकात वैशाली उभी होती. गाडी बंद करायच्या आधीच मी तिला काचेतून सगळं सांगितलं. मास्तर शेजारी बसून ऐकत होते.

मुंबईऐवजी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली सांभाळायची होती. वैशाली स्वयंपाकघरात जाऊन रडली. मास्तर माझ्याशी बोलायचे बंद झाले, ते पूर्ण बंद. "तुझ्या नवऱ्याला सांग, चहात साखर कमी हाय," असं मी समोर असताना तिला सांगायचे. सहल रद्द झाली असंच सगळे धरून चाललो. थंडी संपत आली तेव्हा एका सकाळी नांदेडहून त्यांचा वैशालीला फोन आला. "समुद्राचं काय झालं? त्याला म्हणावं, गाडी तूच चालव. मी डावीकडं बसतो. मला डावीकडचं तसंही दिसत न्हाई, उजवीकडं समुद्र ऱ्हाईल असं बघ म्हणावं."

किनाऱ्यानं दक्षिणेला निघालं की समुद्र उजव्या हातालाच राहतो. एवढी एकच अट मला आयती पाळता आली.

तर आम्ही गेलो. मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरलो आणि खाली सरकत राहिलो. समुद्र बघायला त्यांना माझ्या तोंडावरून पलीकडं बघावं लागायचं. त्यामुळं मी गाडी चालवत असताना ते सतत माझ्याकडं रोखून बघतायत असं वाटायचं, आणि मला घाम फुटायचा. घाट आले, अरुंद रस्ते आले, खाड्या आल्या. बोटीत गाडी चढली की ते हँडब्रेक धरून बसायचे, पलीकडचा किनारा लागेपर्यंत सोडायचे नाहीत. मुक्कामाची जागा मी काढली की ती वाईट, वैशालीनं काढली की चांगली. मासे त्यांनी तोंडाला लावले नाहीत. "वास बघ त्याचा," म्हणून ताट सरकवायचे, आणि ज्वारीची भाकरी मिळत नाही म्हणून सगळ्या कोकणाला शिव्या घालायचे.

मालवणला एका दुपारी वैशाली झोपली होती. मास्तर आणि मी किनाऱ्यावर, मध्ये दोन माणसं बसतील एवढं अंतर ठेवून बसलो होतो. तिच्यामार्फत नाही, सरळ मला ते म्हणाले, "तू तिला सांगितलंस त्याचा मला अजून राग हाय. तो जाणार न्हाई." मग वाळू झटकत म्हणाले, "पण न सांगता तसाच बसला असतास, तर मी तुला जास्त वाईट माणूस समजलो असतो."

 मी म्हटलं, "मलाही तुमचा राग आहे."

"असू दे की," ते म्हणाले.

गोव्यात पणजीला पोचल्यावर त्यांनी जाहीर केलं की पुढल्या वर्षी दुसरा समुद्र. विशाखापट्टणम ते चेन्नई. तिकडं सूर्य पाण्यातून वर येतो म्हणे, उरलेली नजर आहे तोवर ते बघून घ्यायचं. "अन् आखणी आत्ताच सुरू करू. तुझ्या भरवशावर राहिलो तर मी मरून जाईन."

तेव्हापासून त्यांचा फोन मला यायला लागला. वैशालीला नाही, मला. रोज संध्याकाळी, मी औषधदुकानांची बिलं आटोपत असताना. नमस्कार-चमत्कार नाही, उचलला की थेट भांडण. मुक्काम किती, गाडी इकडून न्यायची की तिकडं घ्यायची, जेवणाला तिखट किती. एका दिवशी त्यांनी सांगितलं की तो सगळा हमरस्ता समुद्राच्या कडेनंच जातो, गाडीत बसल्याबसल्या पाणी दिसतं. मी म्हटलं, असं नसेल. आवाज चढले. इतके चढले की वैशाली आतून बाहेर आली.

"तू गाढव हायस, लातूर," ते म्हणाले. "माझा एक विद्यार्थी जाऊन आलाय तिकडून. उद्या फोन करतो, तवर अक्कल आण कुठून तरी."

फोन ठेवल्यावर मी इरेला पेटून नकाशा उघडला आणि सगळा रस्ता गाव-गाव बघत गेलो. दुसऱ्या दिवशी सांगायचं ते शब्द न् शब्द मनात तयार ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी फोन वेळेवर वाजला. नंबर त्यांच्या शेजाऱ्यांचा होता. मास्तर ओट्यावर बसल्याबसल्या गेले होते.

तो हमरस्ता समुद्रापासून बराच आतून जातो. पाणी दिसत नाही. माझंच बरोबर होतं, आणि हे त्यांना सांगायचं राहून गेलं.