गुंड्याला बसवायचं होतं

आमच्या सिरसाळ्यात कुत्रं मेलं की घंटागाडीवाला येतो, पायाला दोरी बांधतो आन गावाबाहेर नेऊन टाकतो. कुणी रडत न्हाई. आमी तर मेंढरामागं फिरणारी धनगरं. वाटंत कुत्रं मेलं की बांधाला खड्डा घ्यायचा, वर दगड रचायचे आन पुढं निघायचं. म्हणून शेजारच्या उमाकाकूनं सकाळी हाक मारली, "अंजने, गुंड्या गेला गं," तवा मी म्हणलं, "थांबा, घंटागाडी येतीच हाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला! काकूनं माझ्याकडं असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली.

काकूचं किराणा दुकान. मालक जाऊन लई वर्षं झाली. पोरगा मृत्युंजय पुण्याला कंपनीत. गुंड्याला त्यानंच आणलं होतं, कॉलेजात असताना, पिशवीत घालून. पोरगा गेला आन कुत्रं मागं राहिलं. काकू दिवसभर त्याच्याशीच बोलायची. "गुंडोबा, भाजी खारट झाली का रे?" गिऱ्हाईक हसायचं. मीबी हसायचे. पण तिला दुसरं होतं कोण? मी घडीभर टेकायचे, लगेच माझी जनावरं वरडायची.

काकू लिंगायत. त्यांच्यात माणूस जाळत न्हाईत. मांडी घालून बसवत्यात, कपाळाला विभूती लावत्यात आन बसलेलंच मातीत ठेवत्यात. काकूला गुंड्यालाबी तसंच बसवायचं होतं, परसात, डाळिंबाखाली.

"काकू, कुत्र्याला कुठं बसवत्यात का? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे. माझ्या घरातलं माणूस हाय ते."

तिनं मृत्युंजयला फोन लावला. पोरगं फोनवर हुंदके देऊन रडलं. "आई, मी निघालोच. मी येईपर्यंत काही करू नकोस," म्हणला. मग काय! काकूनं दुकान उघडलंच न्हाई. गुंड्यावर मालकाचं उपरणं टाकलं आन उशाला बसून राहिली. मी खड्डा खणला, मीठ आणलं, बेलाची पानं आणली. ऊन चढलं. मी म्हणलं, "काकू, उरकून घ्या आता."

"लेकरू निघालंय गं. त्याला तोंड बघू दे."

दुपार कलली तवा फोन आला. साहेबानं सोडलं न्हाई म्हणे. "आई, इथं प्राण्यांसाठी वेगळी सोय आहे. गाडी पाठवतात, विजेवर दहन करतात. राख कुंडीत घालून वर रोप लावून देतात. पंजाचा ठसापण मिळतो. कुंड्यांचे फोटो पाठवतो, तू एक पसंत कर."

"आपल्यात जाळतात का रे?"

"आता कोण बघतंय एवढं? इकडं माणसांचंपण तसंच करतात. सोयीचं पडतं."

 काकूनं फोन पोत्यावर पालथा घातला आन म्हणली, "चल, घे त्याला."

गुंड्याला उचललं तर अंग लाकडावानी ताठ. बसवायला गेलो तर पाय दुमडंनात. काकूनं कोमट तेल आणलं, सांधे चोळले, पुन्हा दुमडून बघितले. "बस रे गुंडोबा. बस ना बाळा. एवढं ऐक की माझं." मला रडू आवरलं न्हाई. सकाळी अंग मऊ होतं तवाच बसवलं असतं तर बसला असता बिचारा. शेवटी आडवाच ठेवला. काकूनं कपाळाला विभूती लावली, बेल वाहिला. माती मीच लोटली.

हातपाय धुताना माझा राग उसळला. "बोलाचीच कढी आन बोलाचाच भात! यायचं न्हवतं तर थांबवलं कावून त्यानं?"

"त्याला बोलू नको. लांब हाय लेकरू," काकू म्हणली. मग मागल्या दाराच्या उंबऱ्यावर बसली. मी चहा केला, तो तिनं हातातच धरला.

"अंजने, मी गेले की मृत्युंजयला फोन मागून कर. आधी मला बसव."

मी धनगराची बाई. तुमच्या लोकांत मला कोण हात लावू देईल, हे पार ओठावर आलतं. गिळलं.

"बसवीन," म्हणलं.