गळ्यातला बिल्ला

“ही बघा मॅडम, हिलाच ताण जास्त. दिवसातून तीनदा बाथरूमला जाते!”

मॅनेजर माइकवर बोलला. अन् साऱ्या हसल्या.

अमरावतीजवयची शर्ट शिवाची कंपनी. थ्या दिवशी तिथं कामगारांचा ताण घालवाचा कार्यक्रम होता. आमच्याच जेवनाच्या सुट्टीत! डबे बंद, आमी रांगेत उभ्या. पुन्याहून आलेली मॅडम म्हणे, मोठ्यानं हसा, ताण पयून जाते. तेवढ्यात मी संडासातून आली. गळ्यात बिल्ला.

आमच्या लायनीत चाळीस बायका अन् बिल्ला एकच. संडासले थो गळ्यात घालूनच जा लागते. म्हून घरून निघतानी कोनी पानीच पेत नाई. मीबी तीन वर्सं नाई पेली. मंग लघवीत आग, अंगात ताप. डॉक्टरीनबाई कावली, “किडनी घालवतं काय? पानी पे.” पेली, म्हून तीनदा.

बाजूच्या मशीनवरची सुनीताबी हसली. तिलेबी तोच ताप. अन् खरं सांगू? मीबी हसली. आग लागो त्या हसन्याले! त्याची लाज मले अजून वाटते.

मॅडमनं माइक माया तोंडापुढं धरला. “आता कसं वाटतंय? हलकं वाटतंय ना?”

मी म्हटलं, “मॅडम, मले मुताले परवानगी लागते. थे बंद करा. मंग हसू.”

कोनीच हसलं नाई. मॅडमनं मॅनेजरकडं पाह्यलं, त्यानं माइक ओढला. भोंगा वाजला, साऱ्या उपाशीच मशीनवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मले मशीनवरून काढून धागे कापाले उभं केलं. दिवसभर उभंच. सुनीता म्हणे, “काहून बोलली व माय? आता आमचंबी मोजतीन.” खरंच मोजाले लागले. बिल्ला तिथंच, खुंटीवर. मॅडम काई पुन्हा आली नाई.

गेटवर कार्यक्रमाचा फोटो लावला. खाली लिहिलं, ‘आनंदी कामगार’. त्यात मी दात काढून हसून राहिली. गळ्यात बिल्ला.

रोज थो फोटो पाहूनच आत जा लागते. काई बदललं नाई, बदलन असंबी वाटत नाई. पन पान्याची बाटली आता माया टेबलावर असते, मॅनेजरले दिसन अशी. पानी पेईन. लागली का जाईन, तशीच, मोकळ्या गळ्यानं.

काढतीन कामावरून. काढा म्हना. बिल्ला नाई घालनार.