बाबूरावांच्या नावापुढचा नंबर

“सेक्रेटरी, मल्लाप्पाला माती कवा दिली?”

बाबूरावांनी ऑफिसच्या दारातूनच विचारलं. मी म्हणालो, “काल दुपारी. तुम्ही दिसला नाहीत, मला वाटलं तब्येत बरी नसेल.”

“मला आत्ता बाजारात कळलं,” ते म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्यांच्या संघटनेचा मी पगारी सेक्रेटरी होतो. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. बाबूराव आणि मल्लाप्पा यांनी तरुणपणी एका शेडमध्ये, एका भट्टीवर सुरुवात केलेली.

आमच्याकडे सूचनेची वही असायची. मीटिंग असो की कुणाचं निधन, शिपाई दस्तगीरमामा सायकलवरून ती कारखान्या-कारखान्यांत फिरवायचे. वाचायचं आणि सही करायची. नव्वदच्या दशकात हेच चाललं. पुढं मोबाईल आले, मुलं कारभारात आली. नवा अध्यक्ष इंजिनीअर. म्हणाला, “काका, वही बंद करू. एसएमएस पाच मिनिटांत जातो.” त्याचं चुकलं नव्हतं. वही फिरायला दिवस जायचा.

नंबरांची यादी मी केली. ज्या जुन्या लोकांकडे मोबाईल नव्हता, त्यांच्या नावापुढे मुलांचे नंबर घातले आणि हात झटकले.

मी बाबूरावांच्या मुलाला फोन लावला.

“मेसेज आलता की,” तो म्हणाला. “पण अण्णांकडं वही येती, म्हणून मी काय बोललो न्हाई.”

वही बंद झाल्याची सूचना मी वहीतच लिहिली होती. तिच्यावर सही बाबूरावांची. मुलानं ती वही कधी उघडलीच नव्हती, आणि आता निरोप त्यानंच वडिलांना द्यायचा, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

चूक माझी, असं मी बाबूरावांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मल्लाप्पा लिंगायत. त्यांच्यात पुरतात, आलेला प्रत्येक जण मूठभर माती टाकतो.

“एवढी वर्सं एका भट्टीचा धूर खाल्ला,” बाबूराव म्हणाले. “एक मूठ माती टाकायची हुती. ती बी ऱ्हायली.”

मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या मीटिंगमध्ये मी चूक कबूल केली. एसएमएस चालू राहिला, राहायलाच हवा होता. फक्त निधनाची बातमी असली की जुन्या सभासदांच्या घरी मी स्वतः फोन करायचो. “कळलं” असं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय यादीवर खूण करायची नाही, असा नियम घातला.

मेसेज गेला म्हणजे माणसाला कळलं, असं नसतं. बाबूराव त्यानंतर संघटनेच्या एकाही मीटिंगला आले नाहीत. त्यांना मी मीटिंगसाठीही दर वेळी फोन करायचो. “कळलं,” म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.