आईला हात न लावण्याचा व्यायाम

"मॅडम, आईला उठवू नका. बाथरूमपर्यंत मी उचलून नेतो ना!"

विक्रोळीच्या त्या घरात दिलीप मला कॉटजवळ फिरकूच देईना. त्याच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. मी फिजिओथेरपिस्ट. वेट-बेअरिंग, म्हणजे त्या पायावर हळूहळू वजन टाकणं, सुरू करायला सर्जनने सांगितलं होतं. आता टाळलं असतं तर काकू कायमच्या अंथरुणाला खिळल्या असत्या.

तपासलं तर पायात ताकद चांगली. पण उभं राहा म्हटलं की काकू लेकाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "नाय जमाचा." दिलीप फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा मी हळूच विचारलं, खरं काय ते सांगा.

"झिलान माझ्यासाठी म्हयनाभर रजा घेतल्यान. आता त्याका कसा सांगू, तुझी गरज नाय म्हणान?"

म्हणजे लेक आईची सेवा करत होता आणि आई पडून राहून लेकाची. मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

दिलीपची बायको युकी जपानची. तिकडे आईवडिलांचा केवढा मान, ही तर नवऱ्याच्या वरताण असेल, असा माझा अंदाज. तो साफ चुकला. दिलीप आत आल्यावर युकी त्याला म्हणाली, "माझे बाबा एकटे राहतात. मी त्यांचे कपडे वाळत घातले तरी रागावतात. माझी कामं तू केलीस तर मी काय करू, म्हणतात."

"बापाला एकटं ठेवलंय आणि मला शिकवते!" दिलीप भडकला.

"मी त्यांना विचारलं होतं. तू आईंना विचारलंस?"

दिलीप आईची उशी नीट करायला वळला.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा युकी बांगड्याचं कालवण करत होती. "आई, तिरफळं आता टाकू?"

"अगो, आधी ठेचूची लागतत!"

"कशी? दाखवा ना."

काकूंना राहवेना. "थांब गो, मी येतंय!"

मी वॉकर पुढे केला आणि काकूंच्या बाजूला राहिले. दिलीप धावला. "हात मागे," मी म्हटलं. "मी सांगितलं तरच धरायचं." काकू एकेक पाऊल टाकत ओट्यापर्यंत गेल्या. मागून येणारा दिलीप बाहीने डोळे पुसत होता.

"बाबू, रडतंस कित्याक? कोथमीर दी."

महिन्याभरात काकू काठीवर आल्या. आता नव्या घरी गेले की मी पेशंटच्या पायाआधी मुलाचे हात बघते.