होसकोप्पची पिवळी फाईल

“मला दिसतं सगळं, पण मी बघत नाही.”

होसकोप्पच्या दवाखान्यात रेकॉर्डच्या खिडकीमागे बसणारा कन्नप्पा नायक हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायचा. बसमध्ये शेजारच्याने कोपराने ढोसून विचारलं, “काय हो अण्णा, तळ्याकाठच्यांचा म्हातारा काल कशाला आला होता?” की म्हणायचा. लग्नाच्या पंगतीत कुणी पानावरून वाकून हळूच काही विचारलं, तर कैरीच्या आंबट अप्पेहुळीचा घोट घेत म्हणायचा. विचारणारा हिरमुसायचा आणि निमूट भात कालवायला लागायचा.

पण हे वाक्य त्याच्या तोंडी जन्मापासून नव्हतं. ते यायला त्याच्या नोकरीची पंचवीस वर्षं जावी लागली.

बाविसाव्या वर्षी, दहावीच्या शिक्षणावर, कन्नप्पा त्या खिडकीत बसला. सुपारीच्या बागांमधल्या त्या मुलखात माणूस नावापेक्षा घराने ओळखला जातो. म्हणून त्याने फायलीसुद्धा घरांप्रमाणे लावल्या. आंब्याखालच्यांचं एक फडताळ, वरच्या बागेचं दुसरं, तळ्याकाठच्यांचं तिसरं. सगळी पंचक्रोशी त्याच्या पाठीशी उभी असायची, कागदावर. मुलगी बघायला निघालेले लोक आधी खिडकीशी यायचे. “कन्नप्पा, त्या घरात काही आहे का रे? जरा बघ.” कन्नप्पा फडताळापाशी जायचा, पानं चाळायचा, आणि खरं सांगायचा. क्षय असला तर क्षय, वेड असलं तर वेड. त्यात त्याला पाप वाटत नव्हतं, उलट लोकांच्या उपयोगी पडतो असंच वाटायचं. लोक त्याला वाकून नमस्कार करायचे आणि त्याची मान ताठ व्हायची.

मग एक दिवस दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टचं इंग्रजी पत्र आलं. कायदा बदलला होता. रुग्णाचं नाव आणि त्याचा आजार तिसऱ्याला कळता कामा नये. कन्नप्पाने शब्दकोश काढला. तीन दिवस तो एका शब्दापाशी अडून बसला. कोशात त्याचा अर्थ ‘गुपित’ असा काहीसा दिला होता, आणि तो त्याच्या गळी उतरेना.

“गुपित कशाला?” तो सिस्टर ब्रिजिटला म्हणाला. ती त्या दवाखान्यातली सगळ्यात जुनी नर्स. “आजार म्हणजे काय चोरी आहे?”

सिस्टर सुया उकळत होती. मागे न बघताच म्हणाली, “अंघोळीला दार लावतोस ना, मारायरे बाबा? ते काय चोरी करतोस म्हणून?”

कन्नप्पा खिडकीत परत आला आणि हे वाक्य त्याने वहीत लिहून ठेवलं. त्या रात्री त्याला वरच्या बागेतली एक मुलगी आठवली. तिचं ठरलेलं लग्न त्याने एका शब्दात मोडलं होतं. ती पुढे कुठे गेली, त्याला कधी कळलं नाही. कुणाला विचारायचा धीरही झाला नाही.

कायदा त्याने मनावर घेतला. इथवर सगळं चांगलं होतं. पण कन्नप्पाला स्वतःच्या हुशारीचाही थोडा गर्व होता, आणि तो तिथेच फसला.

फाईलीवर आजार लिहायचा नाही, पण डॉक्टरांना तर चटकन कळायला हवा. म्हणून कन्नप्पाने रंग काढले. क्षयाला हिरवं कव्हर. मनाच्या आजाराला निळं. आकडीला पिवळं. बाकी सगळ्यांना पांढरं. डॉक्टर वसुधा भटांनी त्याची पाठ थोपटली. कन्नप्पाने स्वतः गोंद लावून, दोऱ्याने शिवून हजारो कव्हरं चढवली, आणि बरेच दिवस तो रस्त्याने छाती काढून चालला.

रुग्ण खिडकीतून फाईल घ्यायचा आणि ती हातात धरून लांबलचक व्हरांड्यातून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत जायचा. व्हरांड्यात बाकांवर चाळीस माणसं बसलेली असायची. त्यांना दुसरं काय काम? दोन महिने गेले नाहीत तोवर सगळ्या होसकोप्पला रंग पाठ झाले. बसमध्ये बायका बोलायला लागल्या, “आमच्या शेजारणीला हिरवं लागलं हो, बिचारी!” पोरं भांडताना एकमेकांना म्हणायला लागली, “जा रे, तुझी आई निळी!” आणि कुणी जरा अडखळून पडलं की लोक हसून म्हणायचे, “काय रे, पिवळा झालास का?”

कायद्याने तोंड बंद केलं होतं, कन्नप्पाने डोळे उघडून दिले. हे त्याला कळलं, पण उशिरा. आणि कळूनही तो वर्षभर गप्प राहिला. आपण केलेली गोष्ट आपणच मोडायची म्हणजे जिवावर येतं.

त्याला हलवलं ते नागवेणीच्या फाईलीने.

नागवेणी चोवीस वर्षांची. मावळ्ळीच्या हेगड्यांच्या बागेत दिलेली. चौदाव्या वर्षापासून तिला आकडी यायची, पण गोळीवर होती तोवर सहा वर्षांत एकदाही आली नव्हती. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. बापाने सांगितलं नाही आणि तिला सांगायची हिंमत झाली नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती माहेरी जाते म्हणून निघायची आणि वाटेत गोळ्या घेऊन जायची. पिवळी फाईल पदराखाली धरून व्हरांडा ओलांडायची.

श्रावणात ती आली नाही. भाद्रपदातही नाही. कन्नप्पाने दोन्ही मंगळवारी फाईल काढून ठेवली आणि संध्याकाळी परत फडताळात लावली. मग बसमध्ये कानावर आलं. मावळ्ळीच्या कुणीतरी तिला व्हरांड्यात पाहिलं होतं आणि फाट्यावर उतरताना तिला ऐकू जाईल असं हसून म्हटलं होतं, “हेगड्यांच्या घरात पिवळं आलंय वाटतं!”

कन्नप्पा बसमधून उतरून तसाच डॉक्टरांकडे गेला.

“गोळी बंद म्हणजे फिट येणार, आज ना उद्या,” डॉक्टर म्हणाल्या. “हेगड्यांकडे सुपारी उकळतात ना?”

कन्नप्पाने मान हलवली. तो त्याच मातीतला होता. सुगी सुरू झाली की अंगणात तांब्याचा हंडा चुलाणावर चढतो, कमरेएवढा. घरच्या सुना दिवसभर त्याच्या काठाशी उभ्या राहून सुपारी ढवळतात. सुगीला दोन महिने होते.

पुढच्या रविवारी तो मावळ्ळीला निघाला. फाट्यावर उतरतो न उतरतो, तोच चहावाल्याने हाक मारली, “कन्नप्पा अण्णा! इकडे कुठे? कोणाला काय झालं?” विहिरीवरच्या बायका घागरी टेकवून बघायला लागल्या. एक म्हातारा काठी टेकत मागे आला, “कोणाच्या घरी चाललाय, सांगा तरी! मी पोचवतो.”

तेव्हा कन्नप्पाला कळलं, की तो ज्या दारात उभा राहील त्या दारावर पिवळा रंग बसणार. तो म्हणाला, “चहा प्यायला आलोय. तुमच्याकडचं दूध चांगलं.” दोन कप चहा पिऊन पुढच्या बसने परतला. निरोप पाठवावा, तर फाईलीवर फोन सासऱ्याचा. त्या घरी पोचायला त्याला एकही सरळ वाट उरली नव्हती.

सोमवारी सकाळी तो सिस्टर ब्रिजिटला म्हणाला, “सगळ्यांना एकच कव्हर घालायचं. खाकी.”

“सगळ्यांना? चार हजार फायली आहेत.”

“आहेत.”

“पुढच्या वर्षी कॉम्प्युटर येणार म्हणतात. कायदाही परत बदलणार.”

“येईल तेव्हा येईल, बदलेल तेव्हा शिकेन. सुगी दोन महिन्यांवर आलीय.”

“रंग तू काढलेस तेव्हा मी तुला नको म्हटलं होतं,” ती म्हणाली.

“म्हटलं होतंस.”

“मग मला एवढंच ऐकायचं होतं,” ती म्हणाली आणि कात्री घ्यायला गेली.

बाहेरच्या माणसाला फायलींना हात लावू द्यायचा नव्हता. म्हणून दोघांनीच ते केलं. दुपारी दवाखाना थंडावला की दार लावून बसायचे, रविवारीही बसायचे. दोरा उसवायचा, कव्हर फाडायचं, खाकी चढवायचं, पुन्हा शिवायचं. डॉक्टरांसाठीची खूण आतल्या पानावर एका आकड्यात. कन्नप्पाच्या बोटांना गोंदाने भेगा पडल्या. सिस्टर सारखी टोमणे मारायची, “तुझी हुशारी फाडायला मलाच बसावं लागलं बघ.” एक्केचाळिसाव्या दिवशी शेवटची पिवळी फाईल खाकी झाली.

होसकोप्पला ते मुळीच आवडलं नाही. व्हरांड्यातली माणसं चिडली. “खोकला झाला तरी खाकी, बाळंतीण आली तरी खाकी! कळायचं कसं?” बसमध्ये तक्रार, न्हाव्याकडे तक्रार, यक्षगानाच्या मांडवात तक्रार. “कन्नप्पाचा दवाखाना मुका झाला,” लोक म्हणायचे, आणि जिथे जिथे म्हणायचे तिथे तिथे रंग गेल्याची बातमी पोचायची. कन्नप्पा ऐकून घ्यायचा. तो फक्त मंगळवार मोजत होता. त्याच दिवसांत ते सुरुवातीचं वाक्य त्याच्या तोंडी बसलं.

कार्तिकातल्या पहिल्या मंगळवारी नागवेणी खिडकीशी आली. तिच्या मागे तिची अत्ते, म्हणजे सासू, महादेवक्का होती. एक हात गुडघ्यावर, दुसरा कमरेवर.

कन्नप्पाने फाईल काढून दिली. नागवेणी हलकेच म्हणाली, “गेल्या आठवड्यात अत्ते दवाखान्यातून घरी येऊन भांडत होत्या, माझ्या गुडघ्याला पण तेच कव्हर आणि क्षयवाल्याला पण तेच म्हणून. तेव्हा कळलं, रंग गेले. म्हणून आले.”

ती व्हरांडा ओलांडून गेली. पदराखाली फाईल लपवली नव्हती, हातात सरळ धरली होती. चाळीस माणसांनी तिच्याकडे बघितलं आणि कंटाळून मान फिरवली.

महादेवक्का मात्र तिथेच उभी राहिली.

“कन्नप्पा, ती म्हणते अशक्तपणा आहे. मला पटत नाही. काय लिहिलंय त्यात?”

“ते तिचं आहे अक्का.”

“मी सासू आहे तिची!”

“आहात ना. पण फाईल तिची आहे.”

“बघा याला!” महादेवक्काचा आवाज चढला. बाकांवरचे लोक पुढे सरकले. “माझ्या दिराच्या लग्नाच्या वेळी तूच याच खिडकीतून सांगितलं होतंस, त्या वरच्या बागेतल्या पोरीला काय आहे ते! आम्ही लग्न मोडलं, तुझ्या शब्दावर! तेव्हा बरं सांगितलंस? आता साहेब झालास?”

एवढी वर्षं कन्नप्पा ज्या लग्नाची आठवण टाळत होता, ते मोडणारं घर समोर उभं होतं.

“तेव्हा चुकलो, अक्का,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “कायदा नव्हता म्हणून नाही. कळत नव्हतं म्हणून. त्या पोरीचं जे झालं ते माझ्यामुळे. या पोरीचं माझ्या हातून होणार नाही. तुम्ही मला शिव्या द्या, ट्रस्टकडे तक्रार करा.”

तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीचं दार किलकिलं झालं. नागवेणीने सगळं ऐकलं होतं. ती उंबऱ्यात उभी होती, रंग उडालेला, पण मान वर.

“अत्ते,” ती म्हणाली, “आत या. मीच सांगते.”

कन्नप्पा झटकन एक कागद घेऊन तिच्यापाशी गेला. “तुझी सही लागेल पोरी. तुझ्या मर्जीने सांगतेस म्हणून.”

“कशाला? घरचंच माणूस आहे,” महादेवक्का पुटपुटली.

“घरचंच आहे म्हणून तर,” सिस्टर ब्रिजिट तिच्यामागून म्हणाली.

नागवेणीने सही केली. दार लागलं. आतून महादेवक्काचा आवाज आला, मग रडणं, कोणाचं ते कळलं नाही. कन्नप्पा फायली लावत राहिला. एकदा आंब्याखालच्यांची फाईल त्याने तळ्याकाठच्यांत लावली, आणि पुन्हा काढून नीट लावली.

दोघी बाहेर आल्या तेव्हा महादेवक्काचे डोळे लाल होते. ती कन्नप्पाकडे बघत नव्हती. नागवेणीला दटावत होती, “यंदा हंड्यापाशी पाऊल टाकलंस तर याद राख. उन्हात सुपारी पसरायची, तेवढंच तुझं काम. आणि रोजची गोळी माझ्यासमोर घ्यायची.”

“हो अत्ते.”

“बापाला तुझ्या मी सोडणार नाही, ते वेगळं.”

“हो अत्ते,” नागवेणी म्हणाली, आणि तिला हसू आलं.

साडेअकरा वाजत आले होते. कन्नप्पाने खिडकी सिस्टरच्या ताब्यात दिली आणि छत्री उचलली. शिरसीला दुपारी नव्या कायद्याचं प्रशिक्षण होतं. आता कागद जाऊन सगळं कॉम्प्युटरमध्ये शिरणार होतं, आणि दार कसं लावायचं ते पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं.

तो पायऱ्या उतरला आणि फणसांच्या सावलीतून बसथांब्याच्या दिशेने चालायला लागला, सावकाश, गोंदाने भेगाळलेला हात छत्रीच्या मुठीवर. महादेवक्का व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. सुनेने दोनदा हाक मारली तरी ती हलली नाही. तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.