काकांचा मॉनिटर

माझे काका गेलेल्या माणसांना परत आणतात, असं लोक म्हणत. काका म्हणत, "मी फक्त डाग पुसतो." आमच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते फाटक्या, अंधुक फोटोंवर तासन्‌तास बसायचे आणि पुढे मी प्रिंट काढायचे. त्यांच्या कामाला कुणी कधी नावं ठेवली नव्हती.

म्हणून एका बाईंनी नवऱ्याचा फोटो परत आणून टेबलावर ठेवला तेव्हा मी चिडलेच. पण मग फोटो बघितला. गाल बसलेले, हनुवटी लांबट.

"असे ते आजारपणात दिसायचे," बाई म्हणाल्या. "तो चेहरा विसरावा म्हणून तर तुमच्याकडे आले होते."

त्या रात्री काका जेवले नाहीत. "डोळे गेले माझे," एवढंच म्हणाले.

मला मात्र काकांच्या लॅपटॉपला नुकत्याच जोडलेल्या मोठ्या मॉनिटरचा संशय आला. "नाचता येईना अंगण वाकडं," काकू म्हणाली. मी सेटिंग उघडलं. रिझोल्यूशन चुकीचं होतं, त्यामुळे चित्र आडवं ताणलं जाऊन प्रत्येक चेहरा रुंद दिसत होता. काका बिचारे तो बारीक करायचे आणि प्रिंटमध्ये माणूस खंगलेला निघायचा. मी मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन निवडलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली, मग चेहरे आपापल्या मापात आले.

"बघ, अंगण खरंच वाकडं होतं," मी काकूला सुनावलं. काका हसले. माझा जीव भांड्यात पडला.

"आता गालावरचे पट्टेही घालव," ते म्हणाले. पट्टे मलाही दिसत होते. रंग हळूहळू फिकट होण्याऐवजी त्याच्या पायऱ्या पडल्या होत्या. कलर डेप्थ सोळा बिटवर अडकली होती, म्हणजे स्क्रीनला दाखवायला रंगच कमी मिळत होते. मी ती बत्तीसवर नेली. गाल मऊ झाला.

"गेले ना?"

"पट्टे गेले. हा मधला डाग तेवढा राहिला."

मला डाग दिसत नव्हता. मी केबल बदलली. शेवटी मॉनिटर काढून तोच फोटो लॅपटॉपवर लावला. काकांनी एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. मग कोऱ्या भिंतीकडे बघितलं. "डाग तिथेही आहे," म्हणाले.

त्या मॉनिटरचा मला फार राग आला. बिघडलेलाच राहिला असता तर निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं. डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं: नजरेचा मधला भाग गेलाय, परत येणार नाही.

तिथून आल्यावर काकांनी मला आपल्या खुर्चीवर बसवलं. "हात तुझा. मी सांगतो तसं कर." जबडा किती भरायचा, ओठांची कड किती उचलायची, ते सांगत गेले. मी करत गेले.

बाई आल्या. फोटो दोन्ही हातांत धरून, "हेच ते," म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

काका माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं, "हसतायत का गं ते?"